वसंत नावाची माणसं

मागच्या अंकात एकांनी विचारलं होतं की तुमचं सगळ्यात आवडतं नाव कोणतं, आणि मी एका शब्दात 'वसंत' असं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्याच नावाला देऊन टाकतेय. बाकीच्यांचे प्रश्न जपून ठेवलेत, पुढच्या अंकात नक्की घेते.

प्रश्न : ताई, आमच्याकडे सकाळी रेडिओ लागायचा आणि गाण्याच्या आधी सांगायचे, संगीत वसंत प्रभू. मग पुढच्याला संगीत वसंत पवार, त्याच्या पुढच्याला वसंत देसाई. मला लहानपणी हे तिघं भाऊ-भाऊ वाटायचे आणि खरं सांगायचं तर साठी उलटली तरी कोणतं गाणं कोणाचं यात अजून घोळ होतो. उलगडून सांगाल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : काका, भाऊ नव्हते हो, तिघांचं घराणं वेगळं, गाव वेगळं आणि संगीत तर फारच वेगळं. पण घोळ होतो हे मात्र अगदी खरंय, कारण तिघंही साधारण एकाच काळात मराठी सिनेमाला आणि भावगीताला चाली देत होते आणि तिघांचंही नाव वसंत.

देसाई सगळ्यात मोठे, १९१२चा जन्म, कुडाळकडच्या सोनवडे गावचे. तरुणपणीच कोल्हापूरला प्रभात कंपनीत गेले आणि शांतारामबापूंच्या सोबत तयार झाले. 'अमर भूपाळी'तलं 'घनश्याम सुंदरा' त्यांचं, ते १९५१चं. मग हिंदीत 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ', आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई असलेला 'गूंज उठी शहनाई'. पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे दोन प्रार्थना, १९५७चं 'ऐ मालिक तेरे बंदे हम' आणि १९७१च्या 'गुड्डी'तलं 'हमको मन की शक्ति देना'. या दोन चाली सिनेमातून निघून थेट शाळांच्या पटांगणात गेल्या आणि तिथेच राहिल्या, आज म्हणणाऱ्या पोरांना त्या सिनेमातल्या आहेत हेही माहीत नसतं. १९७५ साली लिफ्टच्या अपघातात गेले ते, आठवलं की अजून पोटात कालवतं.

वसंत प्रभू म्हणजे पी. सावळाराम आणि लताबाई, हे तीन नावं एकत्रच घ्यायची. 'कल्पवृक्ष कन्येसाठी', 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का', 'मानसीचा चित्रकार तो'. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात मांडवातल्या लाउडस्पीकरवर पाठवणीच्या वेळी 'गंगा जमुना' लावलं होतं आणि माझे वडील, जे कधी कुणासमोर रडले नाहीत, ते केळीच्या खुंटामागे जाऊन उभे राहिले. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मला वाटलं ते काहीतरी शोधतायत म्हणून मी मागे मागे गेले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढलाच नाही. त्यामुळे प्रभूंच्या चालीबद्दल मी तटस्थपणे काही लिहू शकत नाही.

आणि वसंत पवार म्हणजे ढोलकी. १९५९चा 'सांगत्ये ऐका', आशाबाईंचा आवाज, 'बुगडी माझी सांडली गं'. स्वतः सतार वाजवणारा माणूस आणि लावणीला असा ठसका देऊन गेला.

म्हणून माझी एक साधी खूण आहे, काका. गाणं ऐकून माहेर आठवलं तर प्रभू, पाय आपोआप हलला तर पवार, आणि हात जोडावेसे वाटले तर देसाई. दर वेळी बरोबर येईलच असं नाही पण दहातल्या सात-आठ वेळा येतं, करून बघा.

प्रश्न : बालगंधर्वांबरोबर काम केलेले वसंत देसाई ते हेच का? (एक वाचक, दादर)

उत्तर : नाही, ते वसंत शांताराम देसाई. मराठी रंगभूमीवर मनापासून लिहिणारे लेखक, 'मखमलीचा पडदा' त्यांचंच. बालगंधर्वांच्या फार जवळचे. मधलं 'शांताराम' हे त्यांच्या वडिलांचं नाव, सिनेमावाल्या शांतारामबापूंशी त्याचा संबंध नाही, पण संगीतकार देसाई शांतारामबापूंच्या कंपनीत असल्यामुळे लोकांचा घोळ जास्तच होतो.

प्रश्न : नमस्कार. आमच्या मराठीच्या बाई सांगायच्या की वसंत बापट यांचं खरं नाव वसंत नव्हतंच. हे खरं आहे का आणि मग त्यांनी हे नाव का घेतलं असेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बाईंनी बरोबर सांगितलंय. कवी वसंत बापट यांचं मूळ नाव विश्वनाथ वामन बापट. आणि ते एकटेच नाहीत बरं का, 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे वसंत सबनीस यांचं मूळ नाव रघुनाथ दामोदर सबनीस. म्हणजे एक विश्वनाथ आणि एक रघुनाथ, दोघंही वसंत म्हणून जगाला माहीत झाले.

याहून मला आवडणारी गोष्ट म्हणजे शांताबाई शेळके. शांताबाईंनी सिनेमासाठी काही गाणी लिहिली ती 'डॉ. वसंत अवसरे' या टोपणनावाने. एक बाई, कविता इतकी नाजूक लिहिणारी, आणि टोपणनाव घ्यायची वेळ आली तेव्हा जगातल्या सगळ्या नावांतून नेमकं वसंत उचलते, मला हे वाचलं तेव्हा इतका आनंद झाला होता की मी शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलं होतं.

का घेतलं असेल याचं उत्तर, मला वाटतं, त्या काळातच आहे. आधीच्या पिढीत मुलाचं नाव म्हणजे देवाचं नाव, विश्वनाथ, रघुनाथ, विठ्ठल, गोविंद, कारण मुलाला हाक मारली की आपोआप देवाचं नाव तोंडी येतं हा त्यातला भाव. वसंत हे नाव ऋतूचं, झाडाला पालवी फुटण्याचं, कवितेतलं. तरीही घरातल्या म्हाताऱ्यांना ते खटकायचं नाही कारण गीतेत भगवंतच म्हणतात की ऋतूंमध्ये कुसुमाकर तो मी, म्हणजे वसंत म्हटलं तरी देव आलाच. नवं पण वाटायचं आणि जुन्यांना चालायचं पण, असं नाव कोणाला नको असेल.

उलटंही झालंय. गुरुदत्त यांचं जन्माच्या वेळचं नाव वसंतकुमार शिवशंकर पदुकोण. आणि व. पु. काळे, ज्यांची पुस्तकं आपल्याकडे वाढदिवसाला भेट म्हणून देतात, ते वसंत पुरुषोत्तम, पण 'वपु' इतकं रुळलं की त्यातला 'व' वसंतचा आहे हे विचारावं लागतं.

जाता जाता एक. बापटांची 'देह मंदिर चित्त मंदिर' ही प्रार्थना आमच्या शाळेत सोमवारी असायची आणि गुरुवारी देसाईंच्या चालीतलं 'ऐ मालिक'. आठवड्यातले दोन दिवस दोन वसंत, आणि आम्हाला पत्ता नाही.

प्रश्न : वसंत ऋतूत जन्मलेल्या मुलाचंच नाव वसंत ठेवायचे का? माझे सासरे वसंत, पण त्यांचा जन्म भर श्रावणातला. (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : तुमच्या यवतमाळच्याच माणसापासून सुरुवात करू ताई. वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे, जन्म १ जुलै १९१३, म्हणजे पेरणीचे दिवस. त्यांच्या जन्मदिवशी आपण कृषी दिन पाळतो, आणि पेरणीच्या दिवसात जन्मलेल्या, शेतीचा ध्यास असलेल्या माणसाचं नाव वसंत, यात मला तरी काही विसंगती वाटत नाही. वसंतदादा पाटील नोव्हेंबरमधले. संगीतकार देसाई जूनचे, गुरुदत्त जुलैचे.

आता दुसऱ्या बाजूला बघा. वसंतराव देशपांडे २ मेचे, मूर्तिजापूरला जन्मले, ऐन वैशाखवणव्यात. वपु २५ मार्च १९३२चे आणि शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर २५ मार्च १९३३चे, बरोब्बर एक वर्षाचं अंतर आणि दोघं वसंत, तेही कैऱ्या धरायच्या दिवसांत. म्हणजे ऋतू बघून नाव ठेवणारे असणारच, पण सगळे नव्हेत.

एक कारण पत्रिकेचंही असतं. रोहिणी नक्षत्राची अक्षरं ओ, वा, वी, वू, आणि वृषभ राशीला 'व' येतो. मग 'व'वरून नाव शोधायला बसलं की वामन, वासुदेव, विष्णू, विनायक आणि वसंत, एवढ्यातूनच निवडायचं असायचं. तुमच्या सासऱ्यांची रास वृषभ आहे का ते विचारा, मला उत्सुकता आहे आणि उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा.

गंमत बघा ना, सहा ऋतूंपैकी वसंत, शरद, हेमंत, शिशिर ही मुलांची नावं झाली, वर्षा मुलीचं झालं, आणि ग्रीष्म बिचारा कित्येक वर्षं तसाच राहिला. आपल्या उन्हाळ्यात घामाच्या धारा पुसत कोण बाळाचं नाव ग्रीष्म ठेवणार!

प्रश्न : एमपीएससीच्या अभ्यासात वसंतराव नाईक आणि वसंतदादा पाटील यांच्यात माझी हमखास गल्लत होते. सोपं करून सांगा. (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : बाळा, 'राव' आणि 'दादा' एवढं धरून ठेव. राव म्हणजे नाईक, डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, सलग अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री. तुझ्या मराठवाड्यातलं परभणीचं कृषी विद्यापीठ २०१३ पासून त्यांच्याच नावाने आहे. दादा म्हणजे सांगलीचे, १९४३च्या २४ जुलैला सांगलीचा तुरुंग फोडून तटावरून उडी मारणारे आणि खांद्यात गोळी झेलणारे. ते १९७७ला पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले, नंतर १९८३ला पुन्हा आले तेव्हा विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. साखर म्हटलं की दादा, मांजरीची साखर संस्था त्यांच्याच नावाची. अभ्यास छान कर.

प्रश्न : माझं नाव वसंत आहे. वय १९. आजोबांचं नाव मला ठेवलं. कॉलेजमध्ये हजेरीला नाव घेतलं की मागून पोरं "काका प्रेझेंट" असं ओरडतात. आता मी इन्स्टावर वेगळंच नाव लावलंय आणि गॅझेट करून नाव बदलायचं म्हणतोय. घरी अजून बोललो नाही. तुम्हाला हे नाव आवडतं असं वाचलं म्हणून विचारतोय, खरंच आवडतं का उगाच लिहिलं? (नांदेड)

उत्तर : अरे वसंता, खरंच आवडतं. उगाच कशाला लिहीन.

आधी हे सांगते की पोरं ओरडतात तेव्हा तुला लागतं, आणि ते लागणं खरं आहे, मोठी माणसं "त्यात काय एवढं" म्हणतात तसं मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या वर्षी वर्गात दर रोज सकाळी हे ऐकायचं म्हणजे काय ते मी समजू शकते. नाव बदलायचं असेल तर तो तुझा हक्क आहे, वर लिहिलंय ना बापट आणि सबनीस यांनीही बदललंच होतं, फक्त त्यांनी दुसरी नावं सोडून तुझं घेतलं.

पण तू विचारलंयस म्हणून माझं मन सांगते. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांमध्ये तीन वसंत आहेत, १९८८ला ठाण्यात कानेटकर, १९९९ला मुंबईत बापट, २०१२ला चंद्रपूरला वसंत आबाजी डहाके. पावसाचा अंदाज १६ घटक मोजून सांगायची पद्धत १९८८ पासून आली ती गोवारीकरांमुळे, आणि थुंब्याच्या अवकाश केंद्राचे ते १९७९ पासून संचालक होते, म्हणजे रॉकेट आणि पाऊस दोन्ही तुझ्या नावाखाली जमा आहे. वसंत सरवटे सिव्हिल इंजिनिअर म्हणून नोकरी करायचे आणि कितीतरी वर्षं सुंदर व्यंगचित्रं काढायचे. वसंत रांजणे पुण्याचा फास्ट बोलर, भारताकडून टेस्ट खेळला. ही माणसं तुझ्या वयाची होती तेव्हा त्यांच्या वर्गात बहुतेक दोन-तीन वसंत असतील आणि मास्तरांना आडनावाने हाक मारावी लागत असेल. तुझ्या वर्गात तू एकटा आहेस.

वसंतराव देशपांड्यांचं तुला सांगायलाच हवं. पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कितीतरी वर्षं कारकुनी केली त्यांनी, गाणं डोक्यात आणि समोर फाइली. १९६७ला 'कट्यार काळजात घुसली' आलं तेव्हा वय ४७. त्यांच्या आवाजाला लोक नुसते जागेवर बसून राहायचे. दर गणपतीत 'प्रथम तुला वंदितो' वाजतं ना तुमच्या गल्लीत, तो आवाज त्यांचा. आज रात्री हेडफोन लावून त्यांचं 'दाटून कंठ येतो' ऐक, एकटा ऐक, आणि मग गॅझेटचं ठरव. घाई नको. आणि आजोबा हयात असतील तर आधी त्यांच्याशी बोल, त्यांना वर्गात काय म्हणायचे ते विचार.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीला मुलगा झालाय, पुढच्या महिन्यात बारसं. माझे वडील वसंत, मागच्या वर्षी गेले. माझ्या मनात बाळाचं नाव वसंत ठेवावं असं फार आहे पण बोलायची हिंमत होत नाही. मुलगी आणि जावई दोन अक्षरी, इंग्लिशमध्ये लिहायला सोपी नावं शोधतायत, पुण्यात आयटीत आहेत दोघं. त्यांना पटवायला काही मुद्दे द्या ना. तुम्हाला हे नाव इतकं का आवडतं तेही सांगा. (एक आजी, चिपळूण)

उत्तर : आजी, आधी अभिनंदन आणि बाळाला माझा पापा.

मुद्दे म्हणाल तर, इंग्लिशमध्ये लिहायला वसंत अगदी सोपं आहे, सहा अक्षरं आणि जसं लिहायचं तसं वाचायचं. दक्षिणेत, गुजरातेत, बंगालमध्ये सगळीकडे हे नाव आहे, उच्चार थोडा बदलतो इतकंच. बाळ उद्या चेन्नईला गेला तरी त्याला कोणी नाव फोड करून विचारणार नाही. पण खरं सांगू, अशा मुद्द्यांनी नावं ठरत नाहीत. तुमच्या मनात आहे हे त्यांना एकदा सरळ सांगा. वडील जाऊन एकच वर्ष झालंय, मुलीलाही आजोबा आठवत असतीलच, कदाचित तीही तुम्ही बोलायची वाट बघत असेल. आणि नाहीच पटलं तर पाळण्यातलं नाव वसंत ठेवा, कागदावर त्यांना हवं ते लागू दे. चार बायका 'गोविंद घ्या गोपाळ घ्या' करतील, आत्या बाळाच्या कानात कुर्र करून वसंत म्हणेल, ते बाळाच्या कानात गेलं की गेलं.

मला का आवडतं, तर माझा मामा. वसंतामामा. एसटीत कंडक्टर होता, सुट्टीत आम्ही आजोळी गेलो की संध्याकाळच्या गाडीने यायचा आणि खाकी शर्टाच्या खिशात सुट्ट्या पैशांबरोबर आमच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या असायच्या, त्यांना तिकिटाच्या कागदाचा आणि नाण्यांचा वास यायचा. आजी ओसरीवरून "वसंता, हातपाय धू आधी" असं ओरडायची, ती हाक अजून माझ्या कानात आहे, 'ता' लांबवायची ती आणि शेवटी आवाज जरा वर न्यायची. मामा गेला त्याला बरीच वर्षं झाली. मामीने मला त्याचा पितळी तांब्या दिला, मुंजीतला. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, 'चि. वसंत याचे मुंजीप्रीत्यर्थ'. चिंच आणि राखेने साठ-सत्तर वर्षं घासून घासून 'स'वरचा अनुस्वार पुसून गेलाय, हाताने चाचपलं तरी लागत नाही, आता ते 'वसत' असं वाचलं जातं. रोज सकाळी त्यातून तुळशीला पाणी घालते आणि रोज माझा अंगठा त्या जागेवर जातो.

तर आजी, नाव ठरलं की बाळासाठी वाटी-चमचा घ्याल ना, त्यावर नाव घालून घ्या. आता दुकानात मशीनने दोन मिनिटांत घालून देतात पण ते फार वरवर कोरतात. दुकानदाराला सांगा, घाई करू नका, आणि अनुस्वार जरा खोल द्या.